बोडखीवरची कुऱ्हाडबंदी

मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या गाडीवर मी कंडक्टर आहे. आमच्या गावाचा फाटा आला की उजव्या हाताला एक टेकडी दिसायची, सालई आणि धावड्यानं गच्च भरलेली. नाव मात्र तिचं बोडखी. एखादा नवखा प्रवासी हमखास विचारायचा, "एवढी झाडं हायेत अन् बोडखी काहून म्हनतात जी हिले?" मी म्हणायचो, खाली उतरा, माझ्या मोठमायला विचारा, ती सांगेल आणि वर चहाही पाजेल. गेल्या दिवाळीपासून कोणी विचारलेलं नाही.

मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, गंगूबाई. शेषराव मोठेबाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. बौद्धवाड्यातल्या शेवटच्या घरात ती एकटी राहते आणि तिच्या मागच्या दारातून निघालं की सरळ बोडखीची पायवाट लागते. गावात तिला मान किती होता ते मला ठाऊक नाही, पण धाक चिक्कार होता. सरपंचाला तोंडावर अरेतुरे करणारी माणसं हातात कुऱ्हाड असली की तिच्या दारावरून जायची नाहीत, लांबचा फेरा घालायची.

माझ्या लहानपणी ती टेकडी खरोखरच बोडखी होती. काळा खडक, मधूनमधून कुसळी गवत आणि जमिनीलगत तोडलेले खुंट. त्या खुंटांना दर पावसाळ्यात फुटवे यायचे आणि दिवाळीनंतर गावातल्या बाया ते तोडून आणायच्या. मोठमायही आणायची. मोळी डोक्यावर घेऊन मंगरूळपीरला जाऊन विकायची. तेव्हाच तिच्या लक्षात आलं की आपण दरवर्षी त्याच खुंटावर कुऱ्हाड घालतो, तो दरवर्षी परत फुटतो आणि मनगटाएवढा व्हायच्या आत आपण त्याला पुन्हा तोडतो. सरकारी योजनेतून तिथं दोनदा रोपं लावली होती. खड्डे करायला पहारी वाकल्या आणि रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेली. फोटो तेवढे छान आले होते.

पुढं एकदा कॉलेजची मुलं घेऊन एक सर आले होते. त्यांनी खडकावर हात ठेवून सांगितलं की हा सगळा दगड कधीकाळी तापलेला रस होता. जमिनीच्या पोटातून आला, थरावर थर पसरला आणि निवत गेला. निवताना त्याला उभ्या भेगा पडल्या. दोन थरांच्या मध्ये लालसर मुरूम आहे, पावसाचं पाणी भेगांतून त्यात उतरतं. वर माती बोटभर, त्यामुळे नवीन रोप जगणं कठीण. पण जुन्या झाडाची मुळं त्या भेगांमध्ये खोल गेलेली असतात, म्हणून वरचं तोडलं तरी खालचं मरत नाही. हे जंगल लावावं लागत नाही, त्याला नुसतं सोडून द्यावं लागतं, असं सर म्हणाले. मोठमायनं सगळं मन लावून ऐकलं. तिला फार आनंद झाला होता, कारण ती हेच करत होती आणि गाव तिला येडी म्हणत होतं.

पण हे सर यायच्या पुष्कळ आधी खुंट नुसते राखले तर टेकडी आपोआप भरेल, हे तिचं म्हणणं एका माणसाला पटलं होतं. उकंडराव. कुणब्यांतलं मोठं घर, नाल्याकाठची शेती, त्या वेळचे सरपंच. त्यांची विहीर बोडखीच्या पायथ्याशी, आणि टेकडी उघडी पडल्यापासून ती होळीलाच तळ दाखवायला लागली होती. म्हणजे त्यांचाही स्वार्थ होताच, पण स्वार्थ कळायलाही डोकं लागतं आणि ते गावात फार घरांत नव्हतं. त्यांनी ग्रामसभेत उभं राहून कुऱ्हाडबंदी मंजूर करून घेतली. बोडखीवरची जिती फांदी कोणी तोडायची नाही. घरात मयत झालं तर सरणाला लाकूड मिळेल, तेही पडलेलं आणि वाळलेलंच. राखण गंगूबाईकडे.

जो सापडेल त्याला शिक्षा काय, यावर त्या दिवशी बराच खल झाला. दंड कोणी भरणार नाही आणि मारामारी कोणाला नको होती. शेवटी उकंडरावांनीच तोडगा काढला. गंगूबाईनं कुऱ्हाड काढून घ्यायची. ज्याची असेल त्यानं पुढच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर उभं राहून "चुकलं माह्यं" म्हणायचं आणि आपली कुऱ्हाड घेऊन जायची. त्यानंतर त्या गोष्टीचा कोणी उच्चार करायचा नाही. ऐकायला किती सोपं वाटतं! पण चारचौघांत एवढे दोन शब्द बोलताना भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. हळूहळू गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिथं उभं राहून गेलं. माझे वडीलसुद्धा.

मोठमाय तोंडाची गोड कधीच नव्हती. कोणाच्या बाळंतिणीला शेकायला जळणाचे चार फाटे हवे असले तरी तिचं उत्तर एकच. लोक तिला निर्दय म्हणायचे. शेषराव मोठेबाबा वारले ते ऐन पावसाळ्यात. वाळलेलं लाकूड पुरेना, तेव्हा आम्ही दोघा-तिघांनी म्हटलं, एक धावडा तोडू, गाव काही म्हणणार नाही. तिनं गोठ्याकडं बोट दाखवलं. आम्ही तिचा गोठा मोडला, त्याच्या बल्ल्या काढल्या आणि त्यांवर मोठेबाबांना जाळलं. गाय तो पावसाळाभर ओसरीत बांधली होती. मयतीला आलेले उकंडराव त्या मोडक्या गोठ्याकडं कितीतरी वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "गंगू, उद्या माह्या घरचं मयत असलं तरी वल्लं लाकूड देजो नोको." ती नुसतं "हो जी" म्हणाली.

अशी वर्षं गेली आणि बोडखी भरली. आधी धावडा उठला, मग सालई, मोई, टेंभुर्णी. उन्हाळ्यात पानं झडली की गणेरीची पिवळी फुलं उघड्या खडकावर दिसायची. रोही म्हणजे नीलगाई आल्या, मोर आले, रानडुकरं आली आणि त्यांच्या नावानं मोठमायला शिव्याही आल्या, कारण डुकरं भुईमूग उकरायची. उकंडरावांच्या विहिरीला मात्र मे महिन्यात पाणी असायचं. ते म्हातारे झाले तरी काठी टेकत पायथ्याशी येऊन बसायचे आणि दोघं वाद घालायची, कोणता खुंट आधी फुटला याचा. कुणब्याचा म्हातारा आणि बौद्धवाड्यातली बाई असं रोज बोलत बसतात, हे दोन्हीकडच्या लोकांना खटकायचं. या दोघांना त्याची फिकीर नव्हती.

उकंडराव गेले श्रावणात. अशी झड लागली होती की चार-पाच दिवस सूर्य दिसला नव्हता. स्मशानात शेड नाही. मी त्या दिवशी सुट्टीवर गावातच होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. उकंडरावांचा मुलगा शालिग्राम चार माणसं घेऊन बोडखीच्या पायवाटेशी आला. मोठमाय पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन तिथं आधीच उभी होती. तिचे डोळे रडून सुजले होते.

"गंगूबाई, एक सालई तोडू दे," शालिग्राम म्हणाला. "बाबा आंगनात भिजून राह्यले."

"पडलेलं न्या शालिग्रामभाऊ. लागन तेवढं न्या."

"पडलेलं सारं सडून राह्यलं. सालईले डिंक असते, थे वल्ली बी पेटते. एकच झाड मांगतो, जास्त नाई."

"जितं झाड नाई भेटत. नेम तुमच्या बाबानंच केला हाय."

"मंग बाप कायनं जाळू? सांग ना!"

"गोठा मोडा," ती म्हणाली. "बल्ल्या निघतील."

तिनं स्वतः जे केलं होतं तेच तिनं सांगितलं, हे मला कळलं. पण ज्याचा बाप अंगणात भिजत पडला होता त्याला बौद्धवाड्यातली एक बाई, भर पावसात, चार माणसांदेखत, गोठा मोडा म्हणाली. शालिग्रामचा चेहरा पांढरा पडला. त्याच्याबरोबरच्या एकानं कुऱ्हाड उचललीही होती, पण शालिग्रामनं त्याचा हात धरला आणि सगळे मागे फिरले. मी तिला म्हटलं, "मोठमाय, आजच्या दिवस देऊन टाक." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "म्या त्याइले शब्द देला हाय, अश्वजित. आता थे नाईत तं शब्द बी नाई का?"

शालिग्रामनं गोठा मोडला नाही. घरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, ट्रॅक्टरचे जुने टायर आणि डिझेल यांवर त्यानं बापाला जाळलं. पावसानं ते धड जळू दिलं नाही. सकाळी स्मशानात कुत्री हाकलत बसलेला शालिग्राम गावानं पाहिला. जे उरलं होतं ते त्यानं तिथंच पुरलं. मोठमाय त्या दिवसापासून पायथ्याशी एकटी बसायला लागली. शालिग्राम तिच्याशी पुन्हा बोलला नाही, आणि गावानंही हा विषय काढला नाही. मला वाटलं होतं, गाव विसरलं. कंडक्टरकी करून माणसं कळतात असा माझा उगाच समज होता.

मागच्या उन्हाळ्यात ठेकेदार आला. मोठ्या रस्त्याचं काम निघालं होतं, त्याला गिट्टी हवी होती आणि बोडखीसारखा घट्ट काळा दगड जवळपास नव्हता. कागदावर ती टेकडी पडीत; त्यावर जंगल उभं आहे हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण ते कोणी लावलेलं नव्हतं. लावून मेलेल्या रोपांची मात्र नोंद होती. गावानं ना-हरकतीचा ठराव दिला की खदान सुरू, असं तहसीलच्या साहेबांनी सांगितलं. ठराव दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत यायचा होता.

मोठमाय घरोघर फिरली. सगळ्यांनी तिला बसायला दिलं, चहा दिला, पाहू म्हणून सांगितलं. आमच्याच वाड्यातला सतीश म्हणाला, "मोठमाय, तुह्यं बरोबर हाय, पन पोट्टे बसून राह्यले ना रिकामे." त्यानं नुकताच ट्रॅक्टर घेतला होता. तांड्यावरच्या किसनसिंगनं सांगितलं की शालिग्रामभाऊ म्हणतील तसं सगळं होईल. खरंही होतं ते. शालिग्रामच्या शब्दावर निम्मं गाव चालायचं, आणि तो काय म्हणणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ती त्याच्याकडं जाते म्हणाली तेव्हा मी ड्यूटी बदलून गावी आलो. तिला म्हटलं, जाऊ नको, तो अपमान करेल. "करू दे," ती म्हणाली. "माह्या अपमानानं बोडखी वाचत असन तं स्वस्तात पडली." मी तिच्याबरोबर गेलो. शालिग्राम ओसरीवर बसला होता. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं की टेकडी वाचवा, तुमच्या बाबाची आहे ती. त्यानं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "बोडखीवर ज्याचं चुकलं त्यानं ग्रामसभेत उभं राहून म्हनाचं, असं हाय ना? तुमी म्हना. माह्या बाबाले एक झाड द्याले पायजे होतं, चुकलं माह्यं, एवढंच. मी खदानीच्या विरोधात हात वर करतो. शब्द देतो."

पहिल्यांदाच तो तिला तुम्ही म्हणाला. घरी येताना मी तिला समजावत होतो की हा डाव आहे, तो तुला खाली बघायला लावेल आणि हातही वर करणार नाही. ती म्हणाली, "तसं खरंच चुकलं असन का रे? माणूस कुत्र्याइनं ओढला."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. माझं नाव मंगरूळपीरच्या मतदार यादीत, त्यामुळे मी कडेला उभा होतो. बाया-माणसं इतकी कधीच आली नव्हती. ग्रामसेवकानं ठराव वाचला आणि कोणाला काही बोलायचं आहे का असं विचारलं. मोठमाय उठली. पदर सारखा केला. ज्या जागी तिनं इतक्या लोकांना उभं केलं होतं तिथं जाऊन उभी राहिली.

"उकंडरावजीच्या मयतीले म्या सालई देली नाई," ती म्हणाली. "द्याले पायजे होती. चुकलं माह्यं."

शालिग्राम खाली मान घालून बसला होता. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मला वाटलं, झालं, वाचली बोडखी. खरंच वाटलं.

तेवढ्यात सतीश उभा राहिला. तो रागावलेला नव्हता, चक्क हसत होता. "आता मोठमायच म्हनते का जितं झाड द्याले पायजे होतं," तो म्हणाला, "मंग आमी कायची माफी मांगितली एवढे वर्षं? माह्या बापानं चार फाटेच आनले होते. मंग तो कुऱ्हाडबंदीचा नेमच चुकला ना!"

मागून कोणी तरी हसलं. मग दुसऱ्यानं आपल्या आजीचं सांगितलं. तिसऱ्यानं स्वतःचं. एकेक जण उठून सांगायला लागला की त्याला कधी आणि कोणत्या एवढ्याशा फांदीसाठी इथं उभं केलं होतं. वर्षानुवर्षं ज्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही असं ठरलं होतं ती प्रत्येकानं जशीच्या तशी जपून ठेवली होती. रिकामी पोरं, रस्ता, काम, हे सगळं बोलायला होतं. गावाला खरा आनंद वेगळाच होता. त्यांना धाकात ठेवणारी बाई आज त्यांच्यासारखीच खाली बघत उभी होती. मला त्या दिवशी माझ्या गावाची किळस आली, आणि आमच्या वाड्याची सगळ्यात जास्त.

ग्रामसेवकानं हात वर करायला सांगितलं. ठरावाच्या बाजूनं किती हात ते मोजायची गरज पडली नाही. मग विरोधात कोण, असं त्यानं विचारलं. मोठमायनं हात वर केला. आणि शालिग्रामनं. त्यानं दिलेला शब्द पाळला. उभा राहून त्यानं चारी बाजूंना पाहिलं, आपल्या भावकीकडं पाहिलं, आणि एकाही माणसानं त्याच्याकडं पाहिलं नाही. ज्याच्या शब्दावर निम्मं गाव चालायचं म्हणे, त्याच्यासाठी एक बोटही उठलं नाही. घरी जाताना तो मोठमायला म्हणाला, "काकू, मले असं नोको होतं." ती म्हणाली, "मले ठाव हाय."

सुरुंग लावायच्या आधी टेकडीवरची झाडं काढून घ्या, असं ठेकेदारानं गावाला सांगितलं. दिवाळीनंतर सगळं गाव कुऱ्हाडी आणि बैलगाड्या घेऊन वर गेलं. तीन दशकांची झाडं आठवड्याभरात आडवी झाली. या खेपेला मुळंही वाचणार नव्हती, कारण ज्या भेगांत ती होती त्या भेगांचीच गिट्टी होणार होती. लाकडावरून भांडण व्हायला नको म्हणून गावानं न्यायानं वाटणी केली. प्रत्येक घराला सारखी मोळी. अशा बाबतीत आमचं गाव फार न्यायी आहे.

त्यानंतर मी मोठमायला भेटायला गेलो. खदानीचा भोंगा झाला, सुरुंग उडाला, तिच्या मांडणीवरची भांडी थरथरली. तिनं तिकडं मान वळवली नाही. ती चुलीपुढं बसून चहा करत होती. घरात धूप जाळल्यासारखा वास भरला होता. चुलीत सालईचे तुकडे होते आणि त्यांच्या टोकांतून डिंक उकळून बाहेर येत होता. सतीश तिच्या वाट्याची मोळी स्वतः दारात टाकून गेला होता. तिचं घर त्यानं वगळलं नव्हतं.

"हे तू जाळून राह्यली?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मंग काय करू?" ती म्हणाली. "खरंच वल्ली बी पेटते रे. शालिग्राम खरं सांगत होता." तिनं फुंकणी घेतली, जाळ सारखा केला आणि कप माझ्यापुढं सरकवला.